मुरघासाचा मका २२ दिवसांचा, पोंग्यात लष्करी अळी: औषध कोणतं आणि कापणी कधी?

शिवार_संगमनेर
राम राम मंडळी. दोन एकर मका खास मुरघासासाठी (कुट्टी दाबून, हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यासाठी) केलाय. धान्याचाच संकरित वाण, ६० × २० सेंमीवर टोकण, आज २२ दिवस झाले. पानांना ओळीने भोकं पडलीत आणि पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसतेय. दुकानदाराने तीन औषधं एकत्र करून मारायला सांगितलीत. चारा १२ दुभत्या गायींच्या पोटात जाणार, म्हणून हात आखडलाय. शेजारी म्हणतो ६० दिवसांत हिरवागार असतानाच कुट्टी करून टाका. खड्डा तयार आहे: १२ फूट रुंद, ५ फूट खोल, ३५ फूट लांब. दोन एकर त्यात मावेल का आणि किती दिवस पुरेल? दाण्याला भाव बरा दिसला तर अर्धा एकर राखावा का, हेही सांगा.

पोंगा
दादा, पंप उचलायच्या आधी मोजणी करा. बांधाकडेच्या दोन ओळी सोडून शेतात पाच ठिकाणी सलग २०-२० झाडं बघा, म्हणजे १०० होतात. मोठी भोकं मोजू नका. पान पोंग्यात असताना अळीने कुरतडलेलं भोक पान उलगडलं की मोठं दिसतं, तोवर अळी कधीच मातीत कोषात गेलेली असू शकते. पोंग्यातून नुकतं बाहेर येणारं पान बघा. त्यावर पांढुरक्या खिडक्या (हिरवा भाग खरवडून उरलेले पातळ पापुद्रे) किंवा पोंग्यात ओली, ताजी विष्ठा असेल तरच ते झाड धरा. अळी सापडली तर डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके असतात.

१०० पैकी ५ झाडांच्या आसपास असेल तर १५०० पीपीएम तीव्रतेचा (डब्यावर लिहिलेली असते) निंबोळी अर्क ५ मिली प्रति लिटर पुरतो. १० च्या वर गेलं तर रसायन, पण एकच. इमामेक्टिन बेन्झोएट ५ एसजी ०.४ ग्रॅम प्रति लिटर, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम. किंवा क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी ०.४ मिली प्रति लिटर, पंपाला ६ मिली. दोन्ही एकत्र नाही. पुन्हा मारायची वेळ आली तर दुसऱ्या रासायनिक गटातलं घ्या, नाहीतर अळी औषधाला सरावते. तिन्ही एकाच टाकीत ओतलं तर कशाने काम केलं तेही कळत नाही.

औषधापेक्षा फवारणीची पद्धत जास्त फसते. पानांवर धुकं उडवून उपयोग नाही, नोझल पोंग्यावर धरून द्रावण आत उतरलं पाहिजे. वेळ संध्याकाळची. मोठी अळी स्वतःच्या विष्ठेचं बूच वर लावून आत बसते, तिच्यापर्यंत औषध पोचतच नाही. तिथे वाळू ९ भाग आणि चुना १ भाग मिसळून चिमूटभर पोंग्यात टाका. एका पोंग्यात बहुधा एकच मोठी अळी मिळते, कारण त्या एकमेकींना खातात, त्यामुळे दोन एकरात माणसं लावून हे जमण्यासारखं आहे.

गायींचं म्हणाल तर रासायनिक फवारणी पीक ३०-३५ दिवसांचं होण्याच्या आत आटपा. कापणी ८०-८५ दिवसांवर गेली तर मध्ये दीड महिना मिळतो. तरी डब्याच्या लेबलवरचा फवारणी ते कापणी हा कालावधी वाचाच. त्यानंतर निंबोळी किंवा मेटारायझियम रिलाय (अळीला मारणारी बुरशी) ५ ग्रॅम प्रति लिटर. विषारी आमिष चाऱ्याच्या मक्यात नकोच.

कडबाकुट्टी
शेजाऱ्याचं ऐकू नका. ६० दिवसांत मका हिरवागार दिसतो, पण आत पाणीच. खड्ड्याच्या तळातून काळपट रस गळतो, साखर त्याच्याबरोबर जाते आणि मुरघासाला आंबूस वास यायच्या ऐवजी घाण वास सुटतो. शिवाय दाणाच भरलेला नसेल तर स्टार्च कुठून येणार? तेवढी पेंड आणि भरडा वरून घालावा लागतो.

दिवस मोजण्यापेक्षा दाणा बघा. कणीस मधोमध मोडा, शेंड्याकडचा तुकडा हातात घ्या आणि तुटलेल्या बाजूने दाणे न्याहाळा. वरचा भाग पिवळा आणि कडक, खालचा पांढरा आणि चिकाचा, मध्ये स्पष्ट रेघ दिसते. रेघ दाण्याच्या निम्म्यावर आली की तयारीला लागा, दोन तृतीयांश खाली उतरेपर्यंत कापणी संपवा. कोरडा भाग (पाणी वगळून उरणारं वजन) तेव्हा ३२ ते ३५ टक्के असतो.

खात्री करायची तर शेताच्या आतली पाच झाडं कुट्टी करून मिसळा, १०० ग्रॅम घेऊन मायक्रोवेव्हमध्ये दोन-दोन मिनिटं वाळवा. कोपऱ्यात पाण्याचा पेला ठेवा, नाहीतर नमुना जळतो. वजन उतरायचं थांबलं की जितके ग्रॅम उरले तितके टक्के. २८ आले तर आठ-दहा दिवस थांबा, कारण रोज साधारण अर्धा टक्का वाढतो. कुट्टी एक ते दोन सेंमीची. मशीनची पाती बोथट असतील तर लांब चोयट्या निघतात, त्या दाबल्या जात नाहीत आणि गायी गव्हाणीत बाजूला सारतात.

शिवार_संगमनेर
मोजणी केली, १०० पैकी १४. आज संध्याकाळी इमामेक्टिन एकटंच मारतो. कुट्टीत गूळ, मीठ आणि युरिया मिसळायचं का? इथे सगळे घालतात.

खड्डा_बॅग_बंकर
भाऊ, दाणे भरलेल्या मक्यात साखर भरपूर असते, गुळाची गरज नाही. गूळ नेपियरसारख्या गवताला. मीठ आंबोणात द्या. युरिया प्रथिनासाठी टनाला ५ किलो घालतात, पण कोरडा भाग ३० टक्क्यांच्या खाली असताना घातला तर आम्लता वाढायला अडचण येते, आणि नीट मिसळला नाही तर एखाद्या गायीला विषबाधा. मी तरी टाळेन. तोच पैसा ट्रॅक्टरच्या डिझेलला घाला: अर्ध्या फुटाचा थर, त्यावर ट्रॅक्टर, मग पुढचा थर. भिंतीच्या कडेला हवा राहते, तिथे जास्त फेऱ्या. दोन दिवसांत भरून झाकलं पाहिजे.

आता खड्ड्याचं. १२ × ५ × ३५ फूट म्हणजे ५९ घनमीटर. घनमीटरला ६०० किलो दाबलं तर ३५ टन बसतात. एकरी १६ टन हिरवं धरलं तर दोन एकरचे ३२ टन, म्हणजे मावतं. १२ टक्के नासाडी वजा करून २८ टन उरतात. गायीला रोज २० किलो, १२ गायींना २४० किलो, म्हणजे ११६ दिवस. वर्षभर पुरणार नाही, रब्बीत पुन्हा मका घ्यावा लागेल.

पण खरी चूक रुंदीत आहे. उघडलेल्या तोंडाकडून रोज निदान १५ सेंमी आत जायला हवं, नाहीतर हवा लागून ते गरम होतं आणि बुरशी धरते. १२ फूट रुंदीवर २४० किलो काढलं तर जेमतेम ७ सेंमी सरकतं. खड्ड्यात लांबीने मधोमध भिंत घाला, ६-६ फुटांच्या दोन गल्ल्या होतील. एका वेळी एकच उघडली तर रोज १४ सेंमी निघतं, चालून जाईल. बुरशीचा भाग गव्हाणीत कधीच नको, त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात उतरतं. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा दुधाच्या किलोला ०.५ मायक्रोग्रॅमच आहे.

दाणा_की_चारा
अर्ध्या एकराचं आत्ताच ठरवू नका, तुरा येऊन कणीस भरेपर्यंत दोन्ही दारं उघडी आहेत. हिशेब असा: ३३ टक्के कोरड्या भागाच्या एक टन मक्यात, कणसं चांगली भरली असतील तर सुमारे दीड क्विंटल दाणा असतो. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये, म्हणजे टनामागे ३६०० रुपयांचा दाणा. त्यातून सोंगणी, मळणी, वाळवणी आणि हमीभाव व बाजारातला खरा भाव यांतली तफावत वजा करा. बाहेरून विकत घ्यायचा मुरघास गोठ्यात पोच त्यापेक्षा महाग पडत असेल, तर दोन्ही एकर खड्ड्यातच घाला. दाण्याला ठेवायचंच झालं तर अळीने कमी खाल्लेला तुकडा राखा. जिथे पोंगे जास्त गेलेत तिथली कणसं लहान राहतात, तो आधी कुट्टीत घ्या.

खड्डा ४५ दिवस उघडू नका. पहिल्या दिवशी ५ किलोपासून सुरू करून आठवडाभरात २० किलोवर या. एकदम दिलं तर शेण पातळ होतं आणि दुधाची फॅट उतरते.