१९८७ च्या आधी गोव्यात आमदार होते का?

आरोंदेकरीण:
आमची आजी माहेरची गोव्यातल्या पेडण्याची, लग्न होऊन नदीच्या अल्याड महाराष्ट्रातल्या आरोंद्यात आली. काल जेवताना म्हणाली, "माझ्या भावान त्रेसष्टात आमदाराक मत दिल्यान." मी हसले. गोवा राज्य झालं ३० मे १९८७ ला, मग हे आमदार कुठले? आजी सोलकढी तशीच ठेवून उठली. कोण बरोबर?

म्हापसेकर:
आजी. केंद्रशासित असलं तरी विधानसभा होती. ९ डिसेंबर १९६३ ला पहिली निवडणूक, ३० जागा: गोव्याच्या २८, दमण १, दीव १. मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री.

पेडण्याचो म्हातारो:
आधी आजीला सोलकढी नेऊन दे गो बाय!

त्याआधी १९६२ त दोन खासदार दिल्लीला गेले होते, पण ते राष्ट्रपतींनी नेमलेले. डॉ. पुंडलिक गायतोंडे त्यातले एक. गोव्याच्या लोकांनी आमदाराला मत दिलं ते त्रेसष्टातच.

आता आमदार होते म्हणजे काय, तर वर नायब राज्यपाल. राज्यसभेत तेव्हा गोव्याचा एक माणूस नव्हता. राष्ट्रपती निवडायला आमच्या आमदारांना मत नव्हतं. आणि खरी मेख विलीनीकरणात. १९६५ त विधानसभेने ठराव केला, गोवा महाराष्ट्रात घाला म्हणून. दिल्लीने त्यावर न थांबता ओपिनियन पोल, म्हणजे थेट लोकांचं मतदान, लावला, १६ जानेवारी १९६७. त्यासाठी भाऊसाहेबांनी राजीनामासुद्धा दिला.

तेव्हा मी बावीसचा. मतपत्रिकेवर दोन चित्रं: विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. मी फुलावर शिक्का मारला, आमच्या वाड्यावर सगळे फुलाचेच. थोरला भाऊ मुंबईत गिरणीत, बाहेर राहतो म्हणून त्याला मत नाही. त्याचं पत्र आलं होतं, नुसत्या शिव्या. पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. आता वाटतं, झालं ते बरंच झालं. भावासमोर मात्र हे कधी बोललो नाही.

म्हापसेकर:
दीव तर पार सौराष्ट्राच्या टोकाला, आणि आमदार पणजीत!

आरोंदेकरीण:
आजीला सगळं वाचून दाखवलं. सदुसष्टात ती नदीच्या अल्याड, म्हणून तिलाही मत नव्हतं. "माका कोणी इचारल्यानीच नाय," म्हणाली. विचारलं असतं तर फूल की पानं? ते काही सांगत नाही. सोलकढी मात्र दोन वाट्या प्याली.