ताक आणि उपचार वेगळे

'रोज ताक प्या, पोटाचे सगळे आजार जातात' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. कोल्हापूरच्या गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन वाढलेली माझी आई. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर दिवसाला दहा-दहा जुलाब, वाटीभर ताकही पोटात ठरेना. तपासणीत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा, जुलाब घडवणारा जिवाणू निघाला. आतड्यातले चांगले जिवाणू मेले की हा माजतो. ती औषधांनी बरी झाली, पण काहींना तो पुन्हापुन्हा गाठतो. त्यांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू सोडतात. किळस वाटेल, पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच वेळेला बरे झाले! अमेरिकेत २०२३ मध्ये अशा जिवाणूंच्या कॅप्सूललाही मंजुरी मिळाली. दात्याच्या रक्ताच्या, शौचाच्या कडक तपासण्या मात्र हव्यातच. घरच्या घरी तर अजिबात नको.