आईच्या साठीला लेन्स भेट द्यायची आहे, कॅमेरा निकॉन डी ३४००. कोणती घेऊ?

सोनचाफा:
पुढच्या महिन्यात आईची साठी आहे. तिच्याकडे निकॉन डी ३४०० आणि त्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. नातवाचे फोटो काढते, तेही बहुतेक संध्याकाळी घरातच. शिवाय गॅलरीतल्या कुंड्यांमधली फुलं आणि सहलीला गेलो की पक्षी. भेट गुपचूप द्यायची असल्यामुळे तिला विचारता येत नाही. वीस हजारांपर्यंत खर्च करू शकते. दुकानदाराने दोन सुचवल्या: ५० मिमी एफ १.८ डी आणि ७०-३००. भाऊ अमेरिकेतून येतोय, त्याला तिकडे निकॉनची झेड लेन्स चांगल्या भावात मिळतेय. यातली कोणती बसेल आणि कोणती उपयोगी पडेल?

शटर_१२५:
झेड लेन्स भावाला आणू देऊ नका. ती मिररलेस कॅमेऱ्यांची आहे, डी ३४०० च्या एफ माउंटवर (लेन्स अडकवायच्या कड्यावर) बसत नाही.

बाकीचं उत्तर आईंच्या मेमरी कार्डावर आहे. मूळ फोटो संगणकावर घ्या. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून आलेले चालणार नाहीत, त्यातली माहिती पुसलेली असते. विंडोजमध्ये फोल्डर 'डिटेल्स' व्ह्यूमध्ये उघडा, कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक करून 'मोअर'मधून फोकल लेंग्थ (लेन्स किती मिमीवर होती), आयएसओ स्पीड (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) आणि एक्स्पोजर टाइम (शटर किती सेकंद उघडं होतं) हे तीन कॉलम चालू करा. मग फोकल लेंग्थप्रमाणे क्रम लावा.

दिवसाउजेडी काढलेले बरेचसे फोटो ५५ वर असतील, तर त्यांना लांबचं जवळ आणायचंय आणि लेन्स अपुरी पडतेय. फोटो २४ ते ४० च्या दरम्यान, आयएसओ ३२००-६४०० आणि शटर १/३० किंवा १/६० असेल, तर अडचण उजेडाची आहे. १८-५५ मधला व्हीआर (हादरे सावरणारी यंत्रणा) फक्त आपल्या हाताची थरथर सावरतो. धावणारं मूल १/३० ला पुसटच येणार, त्याला किमान १/२०० हवं.

खटका:
दुकानदाराने सुचवलेली ५० एफ १.८ डी या बॉडीवर (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) ऑटोफोकस करणार नाही. जुन्या एएफ आणि डी लेन्समध्ये फोकस करणारी मोटर नसते. बॉडीतली मोटर माउंटवरच्या स्क्रूने लेन्स फिरवते. डी ३४०० मध्ये ती मोटर नाही. रिंग हाताने फिरवायची आणि व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका स्थिर झाला की क्लिक करायचं. पळणाऱ्या नातवामागे हे जमणं फार कठीण. निकॉनच्या लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं हवं, नुसतं एएफ नको.

हाच सापळा ७०-३०० मध्येही आहे. जुनी एएफ ७०-३०० एफ ४-५.६ जी स्वस्तात मिळते, तिच्यातही मोटर नाही. एएफ-पी डीएक्स ७०-३०० चालते, पण तिच्या दोन आवृत्त्या दिसायला सारख्या आहेत. नावाच्या शेवटी व्हीआर असलेलीच घ्या. लेन्सवर व्हीआरचा खटका नाही म्हणून गोंधळू नका, तो कॅमेऱ्याच्या मेन्यूत 'ऑप्टिकल व्हीआर' नावाने आहे.

सोनचाफा:
कॉलम लावून पाहिले. घरातले फोटो बहुतेक २८ ते ४० मध्ये, आयएसओ ६४००, शटर १/४० च्या आसपास. ५५ वर फुलं आणि थोडेसेच पक्षी. मग ३५ की ५०? मोटर असलेली ५० पण दिसतेय.

शटर_१२५:
३५. पूर्ण नाव लिहून घ्या: एएफ-एस डीएक्स निक्कोर ३५ मिमी एफ १.८ जी. त्यात 'डीएक्स' (डी ३४०० सारख्या लहान सेन्सरसाठीची) वाचाच, कारण एफएक्सची (मोठ्या सेन्सरसाठीची) ३५ एफ १.८ वेगळी आहे. ती मोठी आणि महाग, या कॅमेऱ्याला तिची गरज नाही.

५० नको म्हणण्याचं कारण खोलीचा आकार. चौघं शेजारी बसली की साधारण दोन मीटर रुंदी होते. ती फ्रेममध्ये बसवायला डी ३४०० वर ५० मिमीने सव्वाचार मीटर, म्हणजे चौदा फूट मागे जावं लागतं. ३५ ला दहा फूट पुरतात. आपल्याकडच्या हॉलमध्ये हा फरक भिंतीला पाठ टेकल्यावर कळतो.

उजेडाचा हिशेब: ३५ मिमीवर आत्ताची लेन्स एफ ४.५ च्या आसपास उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). एफ १.८ ला सहापट उजेड येतो. म्हणजे त्याच शटरला आयएसओ ६४०० ऐवजी १००० पुरेल, किंवा ६४०० च ठेवून शटर १/४० चं १/२५० होईल. मधला मार्ग चांगला: ए मोडमध्ये (एफ आपण ठरवतो, शटर कॅमेरा) एफ २, ऑटो आयएसओ चालू, किमान शटर १/२००, कमाल आयएसओ ६४००. एफ १.८ वर दीड मीटरवरून पुढे-मागे मिळून जेमतेम १३ सेंटीमीटरचाच भाग फोकसमध्ये राहतो. दोघांचे चेहरे मागेपुढे असतील तर एफ ४ करायला सांगा.

रानमेवा:
फुलांबद्दल कोणी बोललं नाही. ३५ ची लेन्स ३० सेंटीमीटरच्या आत फोकस करत नाही, त्यामुळे फूल फ्रेममध्ये लहान येतं. त्यांची १८-५५ एएफ-पी असेल तर ती २५ सेंटीमीटरपर्यंत जाते आणि ५५ वर फूल दुपटीहून मोठं दिसतं. म्हणजे फुलांसाठी जुनी लेन्सच वापरत राहायची. काढून टाकू नका.

फुलं हाच मुख्य छंद असता तर एएफ-एस डीएक्स मायक्रो ४० मिमी एफ २.८ सुचवली असती. ती वस्तू सेन्सरवर मूळ आकाराएवढी टिपते आणि घरातही चालते, पण ३५ च्या निम्म्याहून कमी उजेड देते. तुमचे आकडे नातवाच्या बाजूने आहेत.

खटका:
वापरलेली मिळाली तर दुकानातच मोबाइलचा टॉर्च एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती वाढतेच. लेन्ससोबत झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल द्या. यूव्ही फिल्टर घ्यायचा तर ५२ मिमीचा. १८-५५ एएफ-पीचा ५५ चा असतो, तो बसणार नाही.

खरेदी साठीच्या पंधरा दिवस आधी करा आणि आई बाहेर गेल्यावर त्यांच्याच बॉडीवर तपासा. कॅमेरा टेबलावर स्थिर ठेवा, वर्तमानपत्र ४५ अंशांत तिरकं उभं करा, एफ १.८ ला मधल्या ओळीवर फोकस करून एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि एक लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर बघून) काढा. दोन-तीनदा तसंच करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये ओळ ठळक आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दरवेळी पुढची किंवा मागची ओळ ठळक येत असेल तर लेन्स बदलून घ्या. डी ३४०० मध्ये फोकस जुळवून घेण्याची सोय नाही. बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या.