न ऐकता अडीच लाखांचा अँप (अँप्लिफायर) घ्यावा का?

कौलारू

नमस्कार. मुक्काम फोंडा तालुका. जुनं मंगळुरी कौलांचं घर, हॉल साडेपाच बाय साडेचार मीटर, जमीन गुळगुळीत. स्पीकर केईएफ एलएस५० मेटा, बसायची जागा ३ मीटरवर. ऐकणं बहुतेक ख्याल, नाट्यसंगीत, मैफलींची जुनी ध्वनिमुद्रणं. स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारी पेटी) लॅन केबलवर.

सध्याचा अँप ४० वॅटचा. त्याचा डावा चॅनल मधूनच गप्प होतो, आवाज एकदम वाढवला की परत येतो. तबल्याचा बायां पोकळ वाटतो, ही मुख्य तक्रार.

मनात आहे तो इंटिग्रेटेड (प्री आणि पॉवर अँप एकाच पेटीत) अँप क्लास एबी, ८ ओहमला ८० वॅट, ४ ओहमला १३०, वजन १४ किलो, किंमत अडीच लाख. जवळपास कुठे ऐकायला मिळत नाही. मुंबईचा विक्रेता कुरियरने पाठवतो म्हणतो. न ऐकता घ्यावा का? की कोकणकन्या पकडून ऐकून यावं? आणि पावसाळ्यातल्या आमच्या विजेवर तो टिकेल का?

ओहममामा

आधी हिशेब करा, ऐकण्याचं नंतर बघू.

तुमच्या स्पीकरची संवेदनशीलता ८५ डीबी (डेसिबल), म्हणजे २.८३ व्होल्टला, ८ ओहम धरले तर एका वॅटला, १ मीटरवर. ३ मीटरवर साडेनऊ डीबी कमी होतात, दोन स्पीकरचे ३ मिळतात. राहिले साधारण ७८. म्हणजे चॅनलमागे एका वॅटमध्ये घर भरतं. ४० वॅटला त्यावर १६ डीबी मिळतात, ८० वॅटला १९. दुप्पट वॅट म्हणजे फक्त ३ डीबी, एवढ्याचाच फरक आहे. खोलीच्या भिंती थोडी भर घालतील, ती धरलेली नाही.

स्पीकरच्या ओहमचंही (इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध) बघा. कागदावर ८ लिहिलंय, पण किमान ३.५ पर्यंत उतरतात. म्हणून ४ ओहमचा आकडा न देणारा अँप या स्पीकरला घेऊ नये. तुमच्या पसंतीच्या अँपचा १३० आहे, ठीक आहे.

आता बायां. हा स्पीकर अधिक-उणे ३ डीबीच्या हद्दीत ७९ हर्ट्झपर्यंतच उतरतो. घुमारा आहे तो त्याच्या आसपास आणि खाली. अडीच लाख सोडा, दहा लाखांचा अँप लावला तरी सव्वापाच इंची पडदा तेवढीच हवा हलवणार. इथे सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) लागतो, आणि ८० हर्ट्झखालचं काम मुख्य स्पीकरवरून काढून घेता आलं पाहिजे. तुमच्या अँपला सबचा आउटपुट आणि हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवून वरचेच पुढे सोडणारा) आहे का ते विचारा. बऱ्याच महागड्या इंटिग्रेटेडमध्ये सब-आउट असतो, हाय-पास नसतो. मग सब जोडूनही स्पीकर खालच्या सुरांशी झटत बसतो.

तिसरी घंटा

मामांचं गणित बरोबर, पण 'सगळे अँप सारखेच' इथपर्यंत कुणी जाऊ नये. अँपचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असेल, व्हॉल्व्हच्या कितीतरी अँपांचा एक-दोन ओहम असतो, तर ३.५ पर्यंत उतरणाऱ्या स्पीकरवर आवाजाचा तोल खरोखर बदलतो. तसला अँप न ऐकता अजिबात घेऊ नका. क्लास एबीचा, डॅम्पिंग फॅक्टर पन्नासच्या वर (म्हणजे आउटपुट इम्पीडन्स अगदी कमी) असलेला, क्लिप न होणारा (ताकद संपून आवाज न फाटणारा) असेल तर न ऐकता घेण्यात धोका थोडा.

मुंबईला जाण्याबद्दल. तिकिटाचा खर्च अडीच लाखांपुढे काहीच नाही, पण शोरूममध्ये ऐकाल ती शोरूमची खोली आणि त्यांचे स्पीकर. अँपचा अंदाज त्यातून फार येत नाही. गेलातच तर कानापेक्षा हाताने तपासा. रात्रीच्या आवाजावर व्हॉल्यूमची एक पायरी किती उडी मारते? चालू-बंद करताना स्पीकरमध्ये ठोका बसतो का? गाणं बंद असताना ट्रान्सफॉर्मर स्वतः गुणगुणतो का? स्पीकरला कान लावून सूं-सूं येते का? तंबोऱ्यावर संथ आलाप लावला की ही गुणगुण टोचते, रॉकवाल्याला ती कधी कळतही नाही.

खरी तुलना घरी. त्यासाठी परतीची अट लेखी घ्या: किती दिवस, खोका उघडलेला चालेल का, परतीचं भाडं कोणाचं. दोन अँपांची तुलना करताना आवाज बरोबरीला आणणं सोडू नका. स्पीकर जोडलेला ठेवून ३०० हर्ट्झचा अखंड सूर हळू आवाजात लावा आणि टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. दोन्हींत एका टक्क्याहून जास्त फरक नको. स्वस्त मीटर वरच्या सुरांना चुकतात, म्हणून ३०० म्हटलं. जो किंचित मोठा असतो तो कानाला 'जास्त मोकळा' वाटतो, आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

खाजन

विजेचं मी सांगतो.

व्होल्टेज कमी झाल्याने अँप मरत नाही. साध्या पॉवर सप्लायचा असेल तर २३० ऐवजी २०० आले की कमाल ताकद सव्वा डीबीने घटेल, कळणारही नाही. मारतं ते जास्त व्होल्टेज. थ्री फेज जोडणी असेल आणि खांबाकडचा न्यूट्रल सैल झाला तर एखाद्या फेजला तीनशेच्या वर जातात. त्याला ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ हवा. मेन बोर्डात टाइप २ चा सर्ज अरेस्टरही (विजेचा क्षणिक झटका जमिनीत उतरवणारा) बसवून घ्या, पण अर्थिंग धड नसेल तर त्याचा उपयोग शून्य. आपला चिऱ्याचा (जांभ्याचा) खडक उन्हाळ्यात वाळला की अर्थिंगचा ओहम चढतो.

वीज कडाडायला लागली की प्लग काढाच, आणि लॅनही. लॅनच्या तारेतून येणारा झटका मेन बोर्डातला अरेस्टर अडवत नाही. स्ट्रीमर वायफायवर टाकलात तर ती वाटच बंद.

पाठीवरची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जपानच्या घरगुती बाजारातला १०० व्होल्टचा माल जोडलात तर धूर. वॉरंटी भारतात कोण पाळतो, दुरुस्तीला १४ किलो मुंबईला नेण्याचं भाडं कोण देतो, हेही बिलावर लिहून घ्या. बंद कपाटात ठेवू नका, पण वरच्या जाळीतून पाल आत जाणार नाही इतकं बघा. सप्लायवर चिकटलेली एक पाल पुरते.

कौलारू

देव बरें करूं सगळ्यांचं. विक्रेत्याला विचारलं: सब-आउट आहे, हाय-पास नाही. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजलं, साडेसहा व्होल्ट आले. ठीक आहे का?

खाजन

नाही. एक-दोन असावेत. गीझर बंद करून आणि चालू करून मोजा. गीझरबरोबर आकडा चढला तर न्यूट्रलची तार बारीक किंवा जोड सैल. लोड नसतानाही साडेसहाच राहिला तर अर्थिंगवर संशय. वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या, ५ ओहमच्या आत आणा. तोवर नवीन काही जोडू नका.

ओहममामा

एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. चॅनल गप्प होतो आणि आवाज वाढवला की परत येतो, ही स्पीकर रिलेच्या (अँपमधला, स्पीकर जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा स्विच) संपर्कबिंदूंवर गंज धरल्याची ठरलेली खूण. दमट हवेत हे हमखास होतं. थोड्या प्रवाहाला गंज अडवतो, मोठा प्रवाह तो फोडून जातो. एकदा स्पीकरच्या तारा डाव्या-उजव्या बदलून बघा. तरीही डावा चॅनलच, म्हणजे आता उजवा स्पीकर, गप्प झाला तर दोष अँपमध्ये.

दुरुस्ती करणाऱ्याला सांगा, रिले पॉलिश पेपरने घासू नको, मुलामा जातो आणि दोन पावसाळ्यांत परत तेच. नवीन बसवायचा. कॉइलचा व्होल्टेज जुन्यावर छापलेला असतो, पुष्कळदा २४, तोच घ्यायचा, आणि पिनांची मांडणी जुळवायची. खर्च काही शेकडे रुपये. बोर्ड उघडा आहेच तर स्पीकर टर्मिनलचे सोल्डरचे डागही गरम करून घ्यायला सांगा.

मग आहे त्या ४० वॅटसमोर हाय-पास असलेला प्री किंवा स्ट्रीमर आणि एक बंद पेटीचा सब लावून महिनाभर ऐका. फक्त तुमच्या अँपला थेट पॉवर अँपमध्ये जाणारा मेन-इन आहे का ते कळवा, त्यावर जोडणी कशी करायची ते ठरेल.

कौलारू

मागे प्री-आउट आणि मेन-इन असं लिहिलंय, मध्ये पितळी चिमट्यासारखे दोन तुकडे आहेत.

ओहममामा

ते जंपर. अँप बंद करून काढा, पण टाकून देऊ नका. प्री-आउटमधून हाय-पासमध्ये, तिथून मेन-इनला. आणि ते चिमटे काळवंडलेले असले तर डावा चॅनल तेच खात असतील. रिलेला हात लावायच्या आधी ते पुसून बघा.