विमानतळ बदलला म्हणून आवाजाचा हिशेब कोरा होत नाही

डोंगरवेडा: परवा इथे एकाने लिहिलं की अमेरिकेच्या युटा राज्यातल्या सेंट जॉर्जचा नवा विमानतळ पर्यावरणवाल्यांनी उगाच कोर्टात खेचला, जुना बंद करून नवाच बांधायचा होता, आवाज तेवढाच, मग तपासणी कसली? डोकं फिरलं वाचून.

'आवाज तेवढाच' हीच तर एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची पळवाट. झायन राष्ट्रीय उद्यान तिथून जेमतेम २५ मैल. नव्या विमानतळाच्या आवाजातून जुन्याचा वजा केला, फरक किरकोळ निघाला, आणि पर्यावरणावरच्या परिणामांचा सविस्तर अहवाल नको असं ठरवून मोकळे झाले. २००२ मध्ये ग्रँड कॅनियन ट्रस्ट या पर्यावरण संस्थेच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने तो निर्णय फेरविचारासाठी परत पाठवला. उद्यानावरून बाकीची विमानं जातात, पर्यटकांना फिरवणारी जातात. त्यांत ही भर पडून एकूण किती, हे मोजलंच नव्हतं. थेंबे थेंबे तळे साचे, ते आवाजाचंही.

धावपट्टी: जुना विमानतळ पाहिलाय का? टेकाडाच्या सपाट माथ्यावर, टोकाला कडा. लांबी वाढवणार कुठे? प्रवासी जेट येतच नव्हती. मी सेंट जॉर्जमध्ये तीन वर्षं काढली. आई आयसीयूत असल्याचा फोन रात्री आला, तेव्हा लास व्हेगासपर्यंत दोन तास गाडी हाकली आणि विमान डोळ्यांदेखत गेलं. तुम्ही दोन दिवस शांतता ऐकायला येता. आम्हाला तिथे राहायचं असतं.

डोंगरवेडा: आईचं वाचून वाईट वाटलं. पण बांधू नका असं कोण म्हणालं? कोर्टही म्हणालं नाही. पूर्ण अहवाल झाला, २०११ च्या जानेवारीत विमानतळ सुरूही झाला.

कानोसा: दोघंही मुद्दा सोडून बोलताय. मोजलं तरी मोजतात काय? चोवीस तासांची सरासरी! रात्री दहा ते सकाळी सात दहा डेसिबल जादा धरतात, झालं. मी झायनमध्ये पहाटे एका घळीत बसलो होतो. कड्यावरून वाळू घरंगळते, तिची सरसर ऐकू येत होती. मग एक विमान आलं. ते दिसेनासं झाल्यावरही घरघर कड्यांत फिरत राहिली. सरासरीत ती सकाळ कुठे आहे?

धावपट्टी: सरासरी ऊर्जेची असते, साधी बेरीज-भागाकार नव्हे. मोठा आवाज तिच्यात बुडत नाही. आधी शिका, मग लिहा.

कानोसा: वीस वर्षं ध्वनिमापनच करतोय. एका विमानाचा एकूण आवाज एका सेकंदात कोंबला तर ८० डेसिबल धरा. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत वाटला की डेसिबलच्या लॉगरिदमी मापात साधारण ४९ वजा होतात, उरतात ३१. कागदावर ३१ म्हणजे जेमतेम कुजबुज. घरांसाठी एफएए धरते ती ६५ डेसिबल सरासरीची रेघ जिथे वाळू ऐकू येते तिथे लावायची? 'आधी शिका' मागे घ्या.

घारीची_नजर: आणि हेलिकॉप्टर? खरा छळ त्यांचा. उद्यानांवरच्या हवाई सहलींसाठी २००० साली कायदा झाला, तरी सगळे विमानतळावरच तुटून पडतात.

डोंगरवेडा: अहो, त्या सहलीही बेरजेत धरा, हेच तर कोर्टाने सांगितलं!

धावपट्टी: 'आधी शिका' मागे घेतो. बेरीज पहिल्याच फेरीत करायला हवी होती, हेही मान्य. केली असती तर कोर्टकचेरीतली वर्षं वाचली असती. माझा राग त्या वर्षांवर आहे, झायनवर नाही.

कानोसा: मग तो राग बेरीज टाळणाऱ्यांवर काढा.