जुन्या ट्रॅक्स पिकअपला हीटर प्लगचं वेगळं बटण: रिले, वायर, फ्यूज कोणते घ्यावेत?

अंजीरवाला_सासवड
गाडी टेम्पो ट्रॅक्स पिकअप, १९९८. इंजिन ओएम ६१६, २३९९ सीसी, बॅटरी १२ व्होल्ट. हीटर प्लगचा, म्हणजे सेल्फआधी सिलिंडर तापवणाऱ्या प्लगांचा, टायमर लहरी झालाय. दिवा कधी दोन सेकंदांत विझतो, कधी लागतच नाही. पहाटे साडेतीनला मार्केट यार्डाला निघायचं असतं. थंडीत सेल्फ मारून मारून बॅटरी बसते आणि मागून नुसता पांढरा धूर. प्लग चारही नवे आहेत, पेन्सिल टाइप, अंगावर ११ व्होल्ट छापलंय. टायमर काढून डॅशवर बटण द्यायचंय. वायरमन म्हणतो हेडलाइटचा ४० अँपिअरचा रिले आणि ४ स्क्वेअरची (चौरस मिमी) वायर पुरेल. मला पटत नाहीये. नक्की काय लावावं?

बसबार_नानापेठ
तुमची शंका बरोबर आहे, ४० चा रिले इथे टिकणार नाही. गार प्लगचा रोध एक ओमच्याही खाली असतो. त्यामुळे बटण दाबल्या दाबल्या एकेक प्लग २० अँपिअरच्या पुढे ओढतो, चार मिळून ८० ते १००. टोक तापत जातं तसा रोध वाढतो आणि करंट ४०-५० वर येऊन थांबतो. हेडलाइटच्या रिलेचे पॉइंट, म्हणजे आतले कॉन्टॅक्ट, सुरुवातीच्या या दणक्यातच भाजतात. भाजून उघडे राहिले तर एक वेळ परवडलं. चिकटून बसले तर बटण सोडूनही प्लग चालूच राहतात, आणि दिवे घाट उतरेपर्यंत नव्या प्लगांचा निकाल लागतो. थेट बटणातून करंट नेण्याचा तर विषयच नको, एवढा करंट डॅशमागून फिरवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

४ स्क्वेअरच्या वायरीचा हिशेब बघा. दोन मीटर लांबी आणि ६० अँपिअर धरले तर अर्धा व्होल्ट वायरीतच जातो, थिंबल (वायरीच्या टोकाचं लग) आणि पॉइंटमध्ये जातो तो वेगळा. प्लगची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. ११.५ ऐवजी १०.५ पोचले तर उष्णता १७ टक्क्यांनी घटली. नवे प्लग टाकूनही गाडी का उचलत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. १६ स्क्वेअरची तांब्याची मऊ वायर घ्या, त्याच हिशेबाने तिच्यात ०.१३ व्होल्टच पडतो.

जोडणी अशी: बॅटरीचा प्लस, तिथून वीतभराच्या आत ८० अँपिअरचा पट्टी फ्यूज, मग १६ स्क्वेअरने १०० अँपिअरच्या सोलेनॉइडचा (मोठ्या करंटचा रिलेच) एक मोठा बोल्ट. दुसऱ्या मोठ्या बोल्टावरून तशीच वायर चारही प्लग जोडणाऱ्या पट्टीवर. छोट्या दोन टर्मिनलांपैकी एक अर्थला, दुसऱ्यावर बटणाची १ स्क्वेअरची वायर. बटणाला सप्लाय चावी ऑन केल्यावरच येणाऱ्या लाइनीवरून, ५ अँपिअरच्या फ्यूजमधून. बटण हॉर्नसारखं हवं, दाबलं की चालू, सोडलं की बंद. टॉगल स्विच लावलात तर एक ना एक दिवस चालू राहून जाणारच.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्या. नाना पेठेत वायर घेताना दुकानदार तिथल्या तिथे दाबून देतो, फक्त माप बरोबर न्या. पकडीने चेपलेलं थिंबल महिन्याभरात गरम व्हायला लागतं.

आणि टायमरची जाडी वायर पट्टीवरून काढून टोकाला स्लीव्ह चढवा. तशीच ठेवली तर बटणाचा करंट उलटा टायमरमध्ये शिरतो.

पाना_दहाबारा
वरचं सगळं मान्य, पण सोलेनॉइडवर थोडं थांबू या. दुकानात नुसतं ‘सोलेनॉइड द्या’ म्हटलं की सेल्फचा हातात पडतो. दिसायला सारखाच. पण त्याची कॉइल पाच-दहा सेकंदांसाठी केलेली असते. ओळखायला मीटर न्या आणि छोट्या टर्मिनलांवर रोध मोजा. ३-४ ओम आला तर तो सेल्फचा, १२ ओमच्या आसपास किंवा जास्त आला तर सतत चालणारा. तुम्हाला दुसरा हवाय. पहिला लगेच जळतो असं नाही, पण रोज पहाटे २५ सेकंद, वर दोन-तीनदा प्रयत्न, यात कॉइल भाजत जाते.

दुसरं, इंडिकेटरचा दिवा. बहुतेक जण तो बटणावरून घेतात, ते चूक. सोलेनॉइडच्या आउटपुटच्या बोल्टावरून घ्या, मध्ये २ अँपिअरचा फ्यूज टाकून. पॉइंट चिकटले तर बटण सोडल्यावरही दिवा जळत राहील आणि तुम्हाला कळेल. बटणावरचा दिवा फक्त तुमचं बोट कुठे आहे तेवढंच सांगतो.

कॉइलवर १एन४००७ डायोड टाका, रुपेरी पट्टीची बाजू प्लसकडे. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, त्याने बटणाचे पॉइंट खराब होतात. तपकीर गल्लीत चिल्लरीत मिळतो. उलटा जोडला तर बटण दाबताच ५ चा फ्यूज जाईल, तेव्हा पट्टी बघूनच लावा.

ओएम६१६_भोसरी
हा धागा वाचून इतर कोणी वायरी ओढायला घेण्याआधी: आपले प्लग कोणते ते बघा. जुन्या ओएम ६१६ ला उघड्या तारेचे प्लग सीरिजमध्ये असायचे. एकावरून दुसऱ्यावर तार गेलेली, एकेकाला साधारण एकच व्होल्ट, बाकीचे व्होल्ट रेझिस्टन्समध्ये. त्यातला एक गेला की चारही गार. अशा प्लगला थेट १२ व्होल्ट दिले तर डोळ्यांदेखत तार वितळते. प्रश्नकर्त्याचे ११ व्होल्टचे, एका पट्टीवर पॅरलल, म्हणून वरची जोडणी त्यांना लागू. डायरेक्ट इंजेक्शनच्या मोठ्या ट्रकांना बहुधा हे प्लगच नसतात, तिथे हा खटाटोप करू नये.

प्लग नवे असले तरी तपासा. पट्टी सोडवा, २१ वॉटच्या बल्बची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला लावा. बल्ब लागला नाही तर प्लग गेला. लागला म्हणून पास समजू नका, आतून शॉर्ट असला तरी लागतो. खरा निकाल क्लॅम्प मीटर देतो. मात्र तो डीसी मोजणारा हवा, घरगुती वायरमनकडे असतो तो बहुधा फक्त एसीचा. जाड वायरीवर क्लॅम्प लावून २० सेकंद बटण दाबा. ४०-५० वर स्थिरावलं तर चारही काम करतायत. ३५ च्या आसपास असेल तर एक गेलेला. बटण दाबलेलं असतानाच पट्टी आणि इंजिन ब्लॉक यांच्यात व्होल्टेज बघा. १०.५ च्या खाली असेल तर बॅटरी, थिंबल किंवा इंजिनची अर्थ पट्टी. ही अर्थ पट्टी सगळे विसरतात. गंजलेली असेल तर खरवडून, नट आवळून, वर ग्रीस लावा.

प्लग बदलायची वेळ आली तर इंजिन गरम असताना सोडवा. टोक फुगलेलं असेल तर जोर करू नका, गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. आत तुटलं तर हेड उतरवावं लागतं. बसवताना २० न्यूटन मीटरच्या आसपास, त्यावरचा छोटा नट तर नुसता हलक्या हाताने.

अंजीरवाला_सासवड
मीटर घेऊन मोजतो. दोन गोष्टी राहिल्या. बटण किती वेळ दाबायचं? आणि गाडी चालू झाल्यावर थोडा वेळ दाबून ठेवलं तर चालतं का? कोणी म्हणतं त्याने धूर कमी होतो.

बसबार_नानापेठ
जुन्या धाटणीचे सावकाश तापणारे पेन्सिल प्लग असतील तर थंडीत २० ते २५ सेकंद, उन्हाळ्यात १० पुरे. लवकर तापणारे असतील तर ७ ते १०, त्यावर गेलात तर टोकं जळतात. पाकिटावर प्रकार लिहिलेला असतो. बटण सोडा आणि लगेच सेल्फ मारा, मध्ये गप्पा नकोत. उचलली नाही तर मिनिटभर थांबून पुन्हा.

चालू झाल्यावर पाच-दहा सेकंद दाबलं तर ठोका आणि धूर दोन्ही कमी होतात, हे खरं. पण तेव्हा अल्टरनेटर १४ व्होल्ट देत असतो आणि तुमचे प्लग ११ चे आहेत. रोज करू नका. आणि हवेच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे मारून हीटर कधीही देऊ नका, स्प्रे तिथेच पेटतो.

पाना_दहाबारा
सेल्फ मारताना पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. त्यामुळे हीटरवर संशय घेतलात ते योग्यच. धूरच नसता तर लाइनीत हवा धरलीय का ते बघा म्हटलं असतं, फिल्टरच्या बँजोचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर आणि हातपंप. आता मोजल्यावर करंट ४५ आला, व्होल्टेज ११ आलं आणि तरीही धूर तसाच राहिला, तर बटणावर आणखी पैसे घालू नका. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पंपाचं टायमिंग, मग कॉम्प्रेशन. या इंजिनात एखादा सिलिंडर १५ बारच्या खाली किंवा आपसांत ३ बारहून जास्त फरक असेल तर हीटर कितीही लाल झाला तरी पहाटे तो सिलिंडर उशिराच पकडणार.