हेडस्पीड कमी केल्यावर शेपटी का भरकटते?

फिरती_पाती
७०० साइझचं इलेक्ट्रिक आरसी हेलिकॉप्टर आहे. गव्हर्नरवर (वेग कायम राखणारी यंत्रणा) हेडस्पीड, म्हणजे मुख्य रोटरचा वेग, २००० आरपीएम (मिनिटाला फेरे) होता, तो १५०० केला. उड्डाणाचा टायमर सहावरून नऊ मिनिटांवर गेला, कर्कश आवाज जाऊन मऊ फडफड आली. पण फुल कलेक्टिव्ह दिलं (मुख्य पात्यांचा कोन एकदम वाढवला) की नाक बाजूला वळतं. शेपटी सरळ धरणाऱ्या गायरोचा गेन (संवेदनशीलता) वाढवून पाहिला, फरक शून्य. आणि एवढी बचत होते, तर खरी हेलिकॉप्टरं हळू का फिरवत नाहीत?

गिअरबॉक्सवाला
गायरोला कशाला छळताय? शेपटीचा रोटर मुख्य रोटरलाच जोडलेला, त्यामुळे त्याचाही वेग पाऊणपट झाला. जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे त्याच पिचला (पात्यांच्या कोनाला) ५६ टक्केच उरला. उलट तेवढीच ताकद कमी आरपीएमला दिली की टॉर्क, म्हणजे शेपटीला रोखावा लागणारा पीळ, वाढतो. शेपटीची पाती १०५ ऐवजी ११५ मिमीची लावा.

बचत खरी आहे. पात्यांना हवेशी झगडायला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने घटते. मात्र वजन तोलायला हवा खाली ढकलावीच लागते, त्या खर्चाला आरपीएमशी देणंघेणं नाही. अजून खाली गेलात तर पिच इतका वाढेल की पाती स्टॉल व्हायला (उचल गमवायला) लागतील आणि कमावलेली मिनिटंही जातील.

खऱ्यांचं म्हणाल तर आर-२२ या छोट्या हेलिकॉप्टरचा ७.६७ मीटरचा रोटर ५३० आरपीएमने फिरतो, एमआय-२६ या अवाढव्य हेलिकॉप्टरचा ३२ मीटरचा १३२ ने. टोकाचा वेग काढा: सेकंदाला २१३ आणि २२१ मीटर! आता आर-२२ ताशी १८० किमीने चाललंय असं धरा. पुढे येणाऱ्या टोकाला २६३ मीटरचा वारा, मागे जाणाऱ्याला १६३ चा. आरपीएम उतरवलं की ही मागची बाजू आधी स्टॉल होते. वाढवलं तर पुढची ध्वनिवेगाजवळ जाते. ए-१६० या मानवरहित यंत्रात रोटरचा वेग बदलता यायचा. २००८ मध्ये ते १८.७ तास हवेत राहिलं.

सावकाश_उतरा
१५०० वर ऑटोरोटेशन (मोटर बंद करून फिरत्या पात्यांच्या जोरावर उतरणं) करू नका. पात्यांत साठलेल्या ऊर्जेलाही तोच ५६ टक्क्यांचा हिशोब.

फिरती_पाती
११५ ची पाती बसवली, नाक सरळ राहतं. सावकाश_उतरा, तुमचा प्रतिसाद उशिरा वाचला. कमरेएवढ्या उंचीवर पिच ओढला, पाती जागच्या जागी मंदावली आणि धप्प! स्किड (खालचे दांडे) वाकले, बूमला (शेपटीच्या नळीला) पोचा आला. ऑटोरोटेशनसाठी वेगळ्या स्विचवर १९०० ठेवलाय.